टेकडीला फाटक नसतं

पुण्यात पाटी लिहिता येत नाही असा माणूस सापडणं कठीण. ज्यांनी उभ्या आयुष्यात सहीपलीकडे मराठीत काही लिहिलेलं नाही, तेही फाटकावरची सूचना म्हटली की एका बैठकीत, एक अक्षर न खोडता लिहून देतात. शब्द मोजके, अपमान भरपूर. त्यामुळे वेताळ टेकडी वाचवण्यासाठी फलक रंगवायचे ठरले तेव्हा हे काम चहा निवायच्या आत उरकेल, यावर आमच्या गटाचं एकमत झालं. चार पुणेकरांचं एकमत झालं की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय. इथे ते खरोखरच मुरत होतं, पण त्याकडे नंतर येतो.

ही २०२३ च्या एप्रिलमधली गोष्ट. टेकडीसाठी मोर्चा निघायचा होता. बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत साधारण दोन किलोमीटरचा रस्ता टेकडीच्या अंगावरून न्यायचा, शिवाय पंचवटीकडून कोथरूडला आणि गोखलेनगरला जायला तिच्या पोटातून बोगदे काढायचे, असा घाट होता. रस्त्याची कल्पना काही नवी नव्हे. पुण्यातली कित्येक लग्नं ठरली, झाली आणि मोडली, तरी हा रस्ता आराखड्यात आपला बोहल्यावर उभाच आहे.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवं की वेताळ टेकडी हे पुणे शहरातलं सगळ्यात उंच ठिकाण, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. माथ्यावर वेताळबाबाचं देऊळ, बाजूला दगडाची जुनी सोडून दिलेली खाण, तिच्यात साठलेलं पाणी, भोवती मोर, आणि पहाटे मोरांपेक्षा मोठ्याने बोलणारे फिरायला आलेले लोक. एका अंगाने चढलं तर ती लॉ कॉलेज टेकडी, दुसऱ्या अंगाने एआरएआय टेकडी. प्रत्येक बाजूच्या माणसाची खात्री असते की टेकडी मूळची आपल्या बाजूची आणि पलीकडून येणारे ते पाहुणे. फलकावर नाव कोणतं घालायचं यावरच आमची पहिली संध्याकाळ गेली. शेवटी वेताळाचं नाव मंजूर झालं, कारण सभासदांपैकी कोणाचंच त्याच्याशी भांडण नव्हतं.

जागा होती आमच्या सोसायटीचं पार्किंग. सामान म्हणजे पुठ्ठे, ऑइलपेंटचे डबे, टर्पेंटाइन, आणि गेल्या निवडणुकीतले फ्लेक्स, उलटे करून. त्यांच्या पांढऱ्या बाजूवर अक्षरं छान उमटायची, फक्त उन्हात धरलं की मागून एक उमेदवार हात जोडून नमस्कार करायचा. बँकेतून निवृत्त झालेले एक काका खजिनदार झाले. ते होऊ नका म्हटलं असतं तरी झाले असते. एका शाळेचे माजी मुख्याध्यापक शुद्धलेखन तपासायला बसले. भूशास्त्र शिकणारी एक मुलगी होती, कोपऱ्यात शांतपणे ब्रश धुणारी. आणि मी होतो, कारण माझं अक्षर बरं आहे.

पहिल्या तासात जे फलक तयार झाले त्यांतले काही असे:

'टेकडी फोडू नये. एकदा फोडलेली टेकडी बदलून मिळणार नाही.'

'ही टेकडी आहे. रस्ता दिसत असल्यास चष्म्याचा नंबर तपासावा.'

'आम्ही इथे साडेसहा कोटी वर्षांपासून आहोत. रस्त्याने नंतर यावे, व येताना कळवावे.'

'मोरास बिस्कीट घालू नये. तो मागत नाही, तुम्हालाच राहवत नाही.'

आम्ही हसत होतो, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होतो. मुलीने ब्रश खाली ठेवला आणि विचारलं, "सर, पण हे कोण बोलतंय?"

"म्हणजे?"

"फाटकावर पाटी असते तेव्हा आत मालक असतो. तो म्हणतो, हे माझं आहे, हात लावू नका. टेकडीवर असं कोण म्हणणार? आणि कोणाला? हे वाचणार टेकडीवर येणारेच ना? ते तर आपल्याच बाजूचे."

पार्किंगमध्ये शांतता पसरली. प्रश्न बरोबर होता. पुणेरी पाटी हा मालकीचा साहित्यप्रकार आहे. तिच्या मागे नेहमी कोणीतरी बनियनवर गॅलरीत उभा असतो आणि त्याच्या नावावर सातबारा, नाहीतर निदान भाडेपावती असते. 'माझं आहे' हे सांगण्यात आम्ही पारंगत. 'आपलं आहे' असं सांगणारी पाटी मात्र माझ्या पाहण्यातल्या एकाही वाड्यावर नव्हती. टेकडीला फाटक नाही, जिना नाही, दुपारची झोप नाही. तिच्या वतीने खेकसायचं कसं?

सरांनी तोडगा काढला. पाटीखाली 'हुकुमावरून' लिहायची पद्धत आहेच, तर सगळ्या फलकांवर 'हुकुमावरून, वेताळबाबा' असं लिहावं. वेताळ हा गावाच्या सीमेचा राखणदार, म्हणजे मालक नसला तरी वहिवाटदार तोच. सूचना अप्रतिम होती. काकांना ती इतकी आवडली की त्यांनी खर्चाच्या वहीत वेताळबाबाचं खातं उघडलं. पण गटात दोन कट्टर विवेकवादी होते. मोर्चात भुताच्या सहीने फिरणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. त्यावर कोणीतरी म्हणालं की मग विक्रमाची सही घालू. हा वाद चांगला रंगला, आणि त्यातून मला एक गोष्ट उमगली. वेताळाच्या गोष्टीत राजा तोंड उघडतो आणि प्रेत पुन्हा झाडाला जाऊन लटकतं. इथेही नागरिक बोलले की रस्ता थोडे दिवस जाऊन झाडाला लटकतो. फरक एवढाच की गोष्टीत वेताळाला खांद्यावर घेऊन राजा चालतो, इथे राजा नेमका कोण तेच कागदावर सापडत नाही.

मग प्रश्न आला कायमच्या फलकांचा. मोर्चा संपल्यावरही टेकडीवर काहीतरी राहावं, असं सगळ्यांना वाटत होतं. लावायचे कुठे? झाडाला खिळा ठोकणं बाद. पुण्यात तरुण मुलांनी झाडांतले खिळे उपटायची मोहीम काढली होती आणि आम्ही टेकडी वाचवायला जाऊन झाडांना भोकं पाडली असती तर त्याच मुलांनी आमच्यावर फलक लिहिला असता. खडकावर रंग? भूशास्त्राच्या मुलीने नुसतं माझ्याकडे पाहिलं. फ्लेक्स बांधावा तर ते प्लॅस्टिक, पहिल्या वादळात फाटून खाणीच्या पाण्यात जाणार. खांब रोवावा तर जमीन ज्या खात्याची त्याची परवानगी हवी. निसर्गाबद्दल जागृती करणारी पाटी निसर्गात लावायला जागाच नाही, हा निष्कर्ष निघाला तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. एका काकूंनी सुचवलं, "माणसांच्या गळ्यात अडकवा. माणसं तरी चालतीबोलती असतात, आपोआप घरी जातात." ते एकदम पटलं. वर जाणाऱ्या वाटांच्या पायथ्याच्या सोसायट्यांनी आपापल्या फाटकांवर फलक लावावेत, असंही ठरलं. फाटकं शेवटी कामाला आली.

आता मजकूर. सगळ्यात मोठा गोंधळ उडाला तो 'झाडे लावू नका' या फलकावरून. तो मुलीनेच लिहिला होता. पर्यावरणाच्या मोर्चात 'झाडे लावू नका' म्हणजे विठ्ठलाच्या दिंडीत 'टाळ वाजवू नये'. सरांना वाटलं 'तोडू'चं चुकून 'लावू' झालं. त्यांनी लाल पेन्सिलीने दुरुस्तही केलं. मुलीने तितक्याच आदराने ते खोडलं. ती म्हणाली, टेकडीचा बराच भाग हा मुळात गवताचा माळ आहे. चंडोल, तित्तिर, रातवा हे पक्षी घरटं झाडावर नाही, जमिनीवर करतात. पावसाळ्याच्या आधी नवरंग येतो तो काही आपल्या वृक्षारोपणाचा फोटो बघून येत नाही. इथली झाडं सालई, गणेर, काटेसावर. उन्हाळ्यात निष्पर्ण होतात आणि आपल्याला वाटतं मेली. मग टेकडी हिरवी दिसावी म्हणून कोणीतरी गिरिपुष्प लावतं. ते परदेशी झाड भराभर वाढतं, दिसतं हिरवं, पण खाली इथल्या झाडागवताला फारसं काही उरत नाही.

"म्हणजे माझ्या पंचाहत्तरीला मी जी रोपं लावली..." सर म्हणाले.

"सर, तुम्ही काय लावलंत?"

सरांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी लाल पेन्सिल खिशात ठेवली आणि 'झाडे लावण्यापूर्वी विचारा' अशी सुधारणा सुचवली. कोणाला विचारा, हा प्रश्न कोणी काढला नाही. रात्र फार झाली होती.

पाण्याचा फलक मात्र जमला, आणि तो जमला कसा हे सांगण्यासारखं आहे. मुलीने आधी अकरा ओळी लिहिल्या होत्या. टेकडी म्हणजे लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. बाहेरून कातळ अखंड वाटतो, पण वरचा भाग झिजलेला, आत भेगा आणि सांधे. पाऊस गवतात अडतो, भेगांतून खाली झिरपतो, मध्ये घट्ट थर लागला की आडवा वळतो आणि पायथ्याच्या विहिरींना, बोअरना, झऱ्यांना जाऊन मिळतो. बोगदा काढला की ही वाट मधेच कापली जाऊ शकते. पाणी विहिरीत उतरण्याऐवजी बोगद्यात ठिबकणार आणि तिथून पंपाने गटारात. सगळं बरोबर, सगळं महत्त्वाचं, आणि मोर्चात चालणाऱ्याच्या छातीवर अकरा ओळी कोणी वाचत नाही. वाचायला लागलं तर ते बरंही दिसत नाही.

काकांनी खर्चाची वही मिटली. "आपल्या सोसायटीचं मार्चमधलं टँकरचं बिल किती आलं?" त्यांनी विचारलं. कोणी उत्तर दिलं नाही, कारण आकडा सगळ्यांना पाठ होता. ते म्हणाले, "मग एवढंच लिहा."

आणि फलक झाला: 'तुमच्या बोअरचं पाणी या टेकडीतून येतं. टँकरवाल्याचा नंबर जपून ठेवा.'

आम्ही अर्धी रात्र जे शोधत होतो ते हेच होतं. यात 'माझं' नव्हतं आणि भाषणातलं गोल गोल 'आपलं'ही नव्हतं. वाचणाऱ्याला गुपचूप टेकडीचा भागीदार करून टाकलेलं होतं, आणि भागीदारी आली की पुणेकर जागा होतो. शिवाय शेवटच्या वाक्यात अपमानही पुरेसा होता. प्रथा सांभाळायला हवी.

मोर्चाला हजारो माणसं आली. आजोबा, शाळेतली पोरं, पट्ट्याला बांधलेली कुत्री, सकाळी डोंगर चढणारे आणि कधीच न चढणारे. फलक शेकड्यांनी होते. आमच्यापेक्षा फार सुंदर अक्षरांचे आणि फार वाईट यमकांचे. टँकरचा फलक मी धरला होता. तो पाहून दोन-तीन जण थांबले आणि चेहरा गंभीर करून आपापल्या सोसायटीत फोन लावू लागले. एका सद्गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की 'बोअर' हा मराठी शब्द नव्हे, 'कूपनलिका' लिहायला हवं होतं. मी म्हटलं, टेकडी वाचली की बदलतो. त्यांनी मान डोलावली आणि फलकाची दुसरी बाजू धरून चालू लागले.

रस्त्याला आमचा विरोध आहे म्हणजे पौड रस्त्यावरच्या कोंडीत आम्हाला मजा येते असं नव्हे. त्या कोंडीत मीही उभा असतो, आणि शिव्या घालण्यात कोणाला ऐकत नाही. पण नवा रस्ता झाला की तो भरायला नव्या गाड्या येतात, आणि फोडलेल्या टेकडीच्या जागी नवी टेकडी कुठूनही येत नाही. हे गणित सरांच्या शाळेत चौथीला होतं.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. टेकडीवर जाल तेव्हा काडेपेटी आणि विडीकाडी घरी ठेवा. उन्हाळ्यात एका ठिणगीने वणवा लागतो आणि जमिनीवरची घरटी जातात. मोराला काही खायला घालू नका. आणि पाटी लिहिण्याची जी देणगी तुम्हाला आहे ती फाटकावर सगळी संपवू नका. विकास आराखड्यात बदल करायचा असला की कायद्याने जाहीर नोटीस काढून हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात, आणि त्यांची मुदत साधारण महिनाभराचीच असते. ती नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते. ती शोधा, आपल्या सोसायटीच्या पाण्याचा हिशेब जोडा, सही करा, आणि अर्ज जमा केल्याची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.