तिकीट नक्की कशाचे?

लोक गुहेत दगड बघायला जातात, हा समज अमेरिकेतल्या केंटकीच्या गुहामालकांनी शंभर वर्षांपूर्वीच मोडीत काढला. त्यांच्यातल्याच फ्लॉइड कॉलिन्सची क्रिस्टल केव्ह देखणी, पण आडवाटेला. गिऱ्हाईक अलीकडचेच गुहावाले पळवायचे. मोक्याच्या जागी दुसरी गुहा हुडकताना, जानेवारी १९२५ मध्ये, तो सँड केव्हमध्ये अडकला. वर हजारोंची जत्रा भरली, खाली तो मेला. पुढे १९२७ मध्ये क्रिस्टल केव्हच्या नव्या मालकाने त्याचे शव काचेच्या झाकणाच्या पेटीत घालून गुहेतच मांडले. स्फटिकांना जे जमले नव्हते, ते प्रेताने करून दाखवले! १९२९ मध्ये ते चोरीला गेले. सापडले तेव्हा डावा पाय गायब. उरलेला देह साखळदंड घालून पुन्हा गुहेतच.

कोणी म्हणेल, या बोभाट्यामुळेच देशाचे लक्ष तिकडे गेले आणि १९४१ मध्ये त्याच भागात मॅमथ केव्ह राष्ट्रीय उद्यान झाले. हातभार लागला असेलही. पण मग १९६१ मध्ये क्रिस्टल केव्ह सरकारच्या ताब्यात आल्यावर तरी मयताची सुटका व्हायला हवी होती. त्याला दफनभूमीत जागा मिळाली १९८९ मध्ये.