बिनडंखाचा दरारा

काळे-पिवळे पट्टे दिसले की माणूस आधी हात झटकतो आणि मग विचार करतो. यात त्याचं काही चुकत नाही. गांधीलमाशीचा प्रसाद ज्याने एकदा घेतला, त्याला दुसऱ्यांदा शहानिशा करण्याची हौस उरत नाही. या घाईवर एका अख्ख्या कुळातल्या कित्येकींचा संसार बिनबोभाट चालला आहे. हे कूळ सिरफिड माश्यांचं. जगात त्यांच्या सहा हजारांच्या आसपास जाती आहेत, डंख एकीलाही नाही.

पूर्वी दारात पोलिसाच्या वेशातला बहुरूपी यायचा, वॉरंट निघालंय म्हणून दरडावायचा आणि शेवटी पसाभर धान्य घेऊन आशीर्वाद देत निघून जायचा. ही माशी त्याच घराण्यातली. फुलावर येते ती परागकणांसाठी आणि मधासाठी, पण थाट असा की आता अटकच होणार.

हे सोंग ओळखायचं कसं? जाणकार म्हणतात, पंख मोजा. गांधीलमाशीला चार, हिला दोन. सल्ला शास्त्रशुद्ध आहे, पण पंख सेकंदाला शंभराहून जास्त वेळा हलत असताना मोजणी कोण करणार? शिवाय गांधीलमाशी पुढचा पंख मागच्यात अडकवून उडते, त्यामुळे तिचेही दोनच वाटतात. माझं म्हणणं, सरळ तोंडाकडे पाहावं. गांधीलमाशीच्या मिशा लांब. हिच्या बहुधा इतक्या आखूड की नसल्यातच जमा. डोळे मात्र जवळजवळ सगळं डोकं व्यापून बसलेले. नराचे तर माथ्यावर एकमेकांना टेकतात. उत्तर अमेरिकेतल्या स्पायलोमिया माशीला ही मिशांची उणीव ठाऊक असावी, असंच वाटतं. ती पुढचे काळे पाय डोक्यासमोर धरून हलवत राहते. त्या झाल्या तिच्या मिशा!

एवढ्यावर ‘सिरफिड’ म्हणता येतं. पण कुठली सिरफिड, हा पुढचा प्रश्न माणसाला नम्र करतो. एपिसिर्फस बाल्टिएटस त्यातल्या त्यात सोपी. युरोपात फार दिसते, भारतातही आहे. तिच्या नारिंगी पोटावर प्रत्येक जाड काळ्या पट्ट्याबरोबर दुसरा बारीक पट्टा असतो, कोरलेल्या मिशीसारखा. मात्र रंगावर भिस्त ठेवू नये. कोशात असताना थंडी असेल तर माशी काळपट निपजते, ऊब मिळाली तर नारिंगी.

या माशीचं सोंग आपल्याला कच्चं वाटतं. पण इंग्लंडमधल्या संशोधकांनी कबुतरांना गांधीलमाश्यांची चित्रं ओळखायला शिकवून मग सिरफिडांची चित्रं दाखवली. हा प्रयोग 1993 साली प्रसिद्ध झाला. आपण जिला काठावर पास करू, त्या बाल्टिएटसला कबुतरांनी अगदी वरचे गुण दिले. म्हणजे परीक्षक आपण नव्हतोच. हेन्री बेट्स यांनी ॲमेझॉनच्या जंगलातल्या फुलपाखरांवरून 1862 मध्ये अशा नकलेचा उलगडा केला, तेव्हाही मुद्दा हाच होता: ज्याच्या पोटात जायचं, त्याला फसवलं की पुरे.

आणि अस्सल गांधीलमाश्यांनी तरी फार तोरा मिरवू नये. डंख म्हणजे मुळात अंडी घालायची नळी. त्यामुळे तो फक्त माद्यांना. गांधीलमाशीचे नरसुद्धा बायकांच्या दराऱ्यावरच दिवस काढतात.

सिरफिडच्या अळीकडे मात्र कसलाच गणवेश नाही. बिनपायांची, बिनडोळ्यांची, हिरवट, एका टोकाला निमुळती. कुणी ढुंकून पाहू नये अशी. पण घरातली खरी कर्ती तीच. बऱ्याच जातींत ती मावा खाऊन वाढते. एकेक कीड तोंडात धरून उचलते आणि शोषून रिकामी करते. मोठी होईपर्यंत शेकडो फस्त होतात. औषध फवारलं की माव्याबरोबर तीही जाते. तेव्हा मोहरीवर किंवा कुंडीतल्या गुलाबावर मावा दिसला, तर पंप उचलण्याआधी पानं उलटून बघा. तिथे अळ्या असतील, तर चार दिवस थांबा.