घरी बोला, फॉर्मवर लिहू नका

कॅलिफोर्नियात मूल शाळेत घालायला गेलं की पालकांपुढे एक फॉर्म येतो. त्यावर चार प्रश्न. मूल बोलायला लागलं ते कोणत्या भाषेत? घरी ते जास्त करून कोणती भाषा बोलतं? तुम्ही त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलता? आणि घरातली मोठी माणसं, आजी-आजोबा धरून, कोणती भाषा बोलतात? पहिल्या तीन रकान्यांत इंग्रजीखेरीज दुसरं काही आलं की तीस दिवसांच्या आत मुलाची इंग्रजीची परीक्षा. तीत कमी पडलं तर ‘इंग्रजी शिकणारा विद्यार्थी’ हा शिक्का, जादा मदत, आणि शिक्का पुसला जाईपर्यंत दरवर्षी पुन्हा परीक्षा. मदत नको म्हणून आईबाप लिहून देऊ शकतात. परीक्षेतून मात्र सुटका नाही.

फ्रीमाँट-सनीव्हेलकडच्या मराठी घरांत हा फॉर्म आयकर विवरणपत्रापेक्षा जास्त काळजीपूर्वक भरला जातो. गणेशोत्सवात मंडळाच्या माइकवरून ‘घरी मुलांशी मराठीतच बोला’ असं कळवळून सांगणारे गृहस्थच व्हॉट्सॲपवर नवख्या बापाला सल्ला देतात, ‘चारही ठिकाणी इंग्लिश टाक आणि मोकळा हो.’ नवखा बाप मराठी माध्यमातला. इंग्रजीशी त्याची ओळख पाचवीत झाली. पुढे अमेरिकेत शिकायला जायचं म्हणून त्याने घसघशीत फी भरून टोफेल दिली आणि मार्क आले तेव्हा घरी पेढे वाटले. तसलीच परीक्षा तिथलं सरकार त्याच्या पोराची फुकट घेतं म्हटल्यावर घराण्याची अब्रू धोक्यात येते.

खरी पंचाईत चौथ्या रकान्याची. आजी सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली असते आणि दिवसभर मराठीशिवाय काही बोलत नाही. ती मोजायची की नाही? यावर ग्रुपवर बराच खल होऊन निघालेला तोडगा असा: डायपर बदलताना आजी घरातली, फॉर्म भरताना पाहुणी.

एवढी भीती कशाची, असं विचारलं की आधी शास्त्रीय कारणं येतात. मुलाचा आत्मविश्वास जाईल, मित्रांतून बाहेर काढतील. दुसऱ्या चहाच्या वेळी खरं कारण येतं, ‘हो, पण त्या वर्गात कोण असतं, माहितीये ना?’ माहीत आहे. अमेरिकेत अशी साधारण पन्नास लाख मुलं आहेत आणि त्यांतली पाऊण स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतली. सलिनासच्या खोऱ्यात लेट्यूस आणि स्ट्रॉबेरी तोडणाऱ्यांची मुलं त्यांतच येतात. ‘त्यांच्यात बसवतील’ हे वाक्य उच्चारताना आपल्या माणसाचा आवाज जसा खाली येतो, तसाच तो पुण्यात महापालिकेच्या शाळेचं नाव काढल्यावर येतो. स्थलांतर माणसाचं होतं, आवाजाचं होत नाही.

मात्र हा वर्ग काही कोणाच्या औदार्यातून उगवलेला नाही. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी घरांतली सुमारे अठराशे मुलं वर्गात बसत होती आणि त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. शाळा म्हणे, सगळ्यांना तीच पुस्तकं, तेच शिक्षक, मग भेदभाव कुठे आहे? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७४ साली एकाही न्यायमूर्तीची असहमती न येता निकाल लागला: भाषाच कळत नसेल तर तेच पुस्तक देणं म्हणजे समान वागणूक नव्हे. ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ हे त्या खटल्याचं नाव. आपण जी मदत टाळतो, तिच्यासाठी कोणाला तरी कोर्टाची पायरी चढावी लागली होती.

आईबापांचं सगळंच चुकतं असंही नाही. सहा-सहा वर्षं हा शिक्का न निघालेली मुलं इतकी साठली की कॅलिफोर्नियाने त्यांना ‘दीर्घकालीन इंग्रजी शिकणारे’ असं वेगळं नाव काढून दिलं. सरकारला एखादा प्रश्न सोडवता आला नाही की ते त्याचं बारसं करतं, एवढं आपल्याला इथे बसूनही ओळखीचं आहे.

आता पैशांकडे येऊ. या मुलांसाठी खास म्हणून वॉशिंग्टनहून राज्यांना जो निधी येतो तो वर्षाला सुमारे ८९ कोटी डॉलर. आकडा भारदस्त आहे. पन्नास लाखांनी भागा, एका पोरामागे पावणेदोनशेच्या आसपास डॉलर येतात. शाळेचे दिवस साधारण १८०. म्हणजे दिवसाला एक डॉलर. बाकीचा भार राज्यांवर आणि स्थानिक शाळांवर.

हा डॉलरही डोळ्यांत खुपला. १ मार्च २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढून इंग्रजी ही अमेरिकेची अधिकृत भाषा असल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात शिक्षण विभागाचे जवळपास निम्मे कर्मचारी कमी करण्याचं ठरलं आणि त्यात इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचं काम पाहणारं कार्यालय जवळजवळ ओस पडलं. मे महिन्यातल्या अर्थसंकल्पीय प्रस्तावात तर हा निधीच शून्य केला. कारण वाचण्यासारखं आहे: या योजनेचं ‘इंग्रजी भाषा संपादन’ हे नावच चुकीचं असून ती दोन भाषांना उत्तेजन देते, त्यामुळे इंग्रजीचं महत्त्व कमी होतं. थोडक्यात, इंग्रजी सगळ्यांना आलीच पाहिजे, फक्त ती शिकवू नये. जूनअखेर राज्यांना कळवलं की १ जुलैला मिळायचे पैसे तूर्त मिळणार नाहीत. पुढे आरडाओरडा झाला, खटले झाले, आणि जुलैअखेर पैसे सोडले. योगायोग असा की पैसे अडले त्याच सुमारास, २९ जूनला, महाराष्ट्र सरकार पहिलीपासूनच्या हिंदीचे जीआर मागे घेत होतं. पोरांच्या तोंडात कोणती भाषा असावी यावर दोन्ही गोलार्धांत मोठी माणसं एकाच वेळी झटत होती. पोरं बहुधा त्या वेळी सुट्टीत होती, किंवा यूट्यूब बघत होती.

इतकं होऊनही आपला बाप निश्चिंत असतो, कारण त्याच्या पोराच्या फॉर्मवर चार वेळा इंग्लिश आहे. घोटाळा होतो तो पोरगा अकरावीत गेल्यावर. याच कॅलिफोर्नियाने २०११ साली एक कायदा केला: इंग्रजीखेरीज आणखी एक भाषा चांगली येत असेल तर बारावीच्या प्रमाणपत्रावर सोनेरी मोहर. आता ती बऱ्याच राज्यांत मिळते. कॉलेजच्या अर्जात शोभून दिसते. पाचव्या वर्षी जिचा शिक्का बसतो, ती भाषा सतराव्या वर्षी मोहर होते. बापाला एकाएकी ज्ञानेश्वर आठवतात. मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत चौकशी होते. पोरगा साडेसहा फुटांचा, बसतो ‘क, कमळातला’ गिरवणाऱ्या आठ वर्षांच्या मुलींशेजारी. ‘त्यांच्यात बसवतील’ अशी तक्रार यावेळी कोणी करत नाही.

बोलण्याच्या परीक्षेची तयारी म्हणून दर शनिवारी पुण्याला आजीशी व्हिडिओ कॉल ठरला. पहिल्याच कॉलला लक्षात आलं की नातवाला आजी कळत नाही आणि आजीला नातू. पोरगा दोन मिनिटांत खोलीत गेला. आजी मात्र हार मानणारी नव्हे. तिने दुसऱ्या दिवशी डेक्कनवर जाऊन इंग्रजी संभाषणाच्या क्लासला नाव घातलं. फी पेन्शनमधून, रिक्षाचं भाडं वेगळं, कोणत्याही सरकारचं अनुदान नाही. तिथेही आधी चाचणी झाली, आजी ‘बिगिनर’ ठरली आणि सोसायटीत सगळ्यांना सांगत सुटली.