दोन इंच माया

जावा शिकणाऱ्याने पहिला प्रोग्राम 'हॅलो वर्ल्ड'चा लिहावा, असा शिरस्ता आहे. मी जगाला नमस्कार-चमत्कार करण्याच्या भानगडीत पडलो नाही. थेट स्वतःचं नाव लिहिलं. हेल्व्हेटिका, बोल्ड, साइज ७२. (हेल्व्हेटिका म्हणायचं आणि विंडोजवर मिळायचं एरियल. पण निदान म्हणताना तरी भारदस्त वाटायचं.)

१९९८ सालचा पावसाळा. डोंबिवलीच्या घरात लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला पेंटियम, १६ एमबी रॅम, मॉनिटरवर आईने विणलेलं क्रोशाचं झाकण. जावा १.१. मी अ‍ॅपलेट, म्हणजे तो माझा छोटा प्रोग्राम, चालवला, विंडो उघडली, खाली 'अ‍ॅपलेट स्टार्टेड' असं आलं, आणि वर काहीच नाही. नीट निरखल्यावर डाव्या कोपऱ्यात काळा आकडा लोंबताना दिसला. ते माझ्या नावातल्या 'जी'चं शेपूट होतं. जावाला अक्षर शून्य, शून्यवर काढ म्हटलं की ते विंडोच्या वरच्या रेषेवर उभं राहतं, तिच्याखाली नाही. म्हणजे मी स्वतःला छपरावर उभं करून आलो होतो आणि घरात फक्त शेपूट आलं होतं. सूचक होतं, पण तेव्हा एवढा विनोद कळत नव्हता.

नाव खाली ओढलं, तर ते उजवीकडून बाहेर गेलं. माझं पूर्ण नाव रोमनमध्ये मधल्या जागांसकट सत्तावीस अक्षरांचं. विंडोत मी मावलो, बाबा अर्धे मावले आणि आडनाव बाहेर व्हरांड्यात. विंडो ताणली की नावही आपोआप ताणलं जावं, एवढीच माझी अपेक्षा. पण जावा १.१ मध्ये एकदा केलेल्या फॉन्टची साइज बदलता येत नाही. ४८चा हवा तर नवा फॉन्ट, ४९चा हवा तर आणखी एक. प्रत्येक नवा फॉन्ट फॉन्टमेट्रिक्सकडे न्यायचा, 'हे नाव याच्यात किती पिक्सेल भरतं?' असं विचारायचं, आणि जास्त भरत असेल तर फेकून दुसरा शिवायला टाकायचा.

'शिवायला' हा शब्द उगाच आला नाही.

आमच्या लहानपणी शाळेचे कपडे मापाचे नसत, वाढत्या अंगाचे असत. जूनच्या पहिल्या आठवड्यात आई मला टेलरकाकांपुढे उभं करायची. काका कानावरचा खडू काढून टेप लावायचे आणि आकडा वहीत लिहिणार एवढ्यात आई म्हणायची, "वाढत्या अंगाचं शिवा हो." मग तो आकडा सोडून दुसराच लिहिला जायचा, माझ्या खऱ्या मापाला त्या वहीत कधी जागाच मिळाली नाही. "आत दोन इंच माया ठेवा," हे आईचं दुसरं वाक्य. पाचवीतली खाकी पँट गुडघ्यांच्या खाली जायची, सहावीत गुडघ्यांवर यायची, सातवीत काका दुमड उसवून आतली माया सोडायचे. तिथलं कापड ऊन न पाहिलेलं, त्यामुळे खाली गडद खाकी पट्टा. माझ्या एका पँटला असे दोन पट्टे होते. बुंध्याच्या वलयांवरून झाडाचं वय सांगतात, तशी माझ्या पँटवरून माझी इयत्ता सांगता यायची. वर्गातला एक मुलगा दरवर्षी नवी, अगदी अंगाबरोबर बसणारी पँट घालून यायचा. मला त्याचा भयंकर राग यायचा. आज विचार केला तर अजूनही येतो.

तर जावाचा फॉन्ट त्या मुलाच्या पँटसारखा होता. आत माया नाही, उसवायची सोय नाही, वाढलात की नवा. (पुढे डिसेंबरात जावा टू आली. तिच्यात आहे त्या फॉन्टवरून हव्या त्या साइजचा फॉन्ट काढता येऊ लागला, एका ओळीत अख्खं चित्र ताणता येऊ लागलं. इलॅस्टिकची पँट! माझी दोन महिन्यांची शिलाई पाण्यात.)

मी साइज १ पासून ३०० पर्यंत एकेक फॉन्ट करून पाहणारा लूप लिहिला. विंडोचा कोपरा जरा हलवला की पडदा करडा व्हायचा, पेंटियम धापा टाकायचा आणि बऱ्याच वेळाने माझं नाव अवतरायचं. मग कुणीतरी सांगितलं, मधोमध फोड. आधी १५०चा बघ. मोठा झाला तर ७५चा, लहान पडला तर २२५चा. नऊ वेळांत माप सापडतं. सरळ गुणाकार का नाही केला? केला होता. पण १२ साइजला शंभर पिक्सेल भरणारं नाव २४ला दोनशे भरेलच, असं नव्हतं. तिथे अक्षराची रुंदी पूर्ण पिक्सेलांत. साडेसहाचं अक्षर सहाचं तरी होणार नाहीतर सातचं. असा अर्धा-अर्धा पिक्सेल सत्तावीस वेळा साठला की शेवटचं अक्षर दाराबाहेर.

एवढं करून पूर्ण स्क्रीनवर नाव आलं ते ४८ साइजचं. मला ते किरकोळ वाटलं. म्हणून मी बाबांचं नाव काढून नुसतं आद्याक्षर आणि टिंब ठेवलं. दहा अक्षरांचं नाव ते, तीन 'टी' आणि चार 'ए' असलेलं. साइज टुणकन ६८ वर गेली.

बाबा ऑफिसातून आले. चहाचा कप घेऊन मागे उभे राहिले. त्यांना मॉनिटरमधलं काही कळत नसे, पण वाचता येत होतं.

"माझं नाव कुठाय?"

"बसत नव्हतं."

"बसत नसेल तर राहू दे," ते म्हणाले आणि कपबशी विसळायला आत गेले.

मला अपराधी वाटायला हवं होतं. वाटली ती चीड. हा माणूस अठ्ठावीस वर्षं डोंबिवली-व्हीटी लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धा टेकून गेला. तिघांनी ऐसपैस बसायचं आणि यांनी एका मांडीवर तोल सांभाळत पेपर वाचायचा. "जरा सरका" हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. लग्नाच्या पंगतीत पाट कमी पडला की हे उठणार. ग्रुप फोटोत कडेला, एक कान बाहेर. आणि आता घरच्या विंडोतसुद्धा? निदान भांडा तरी! सरक म्हणा मला!

त्या रात्री मी सत्तावीसच्या सत्तावीस अक्षरं परत घातली. शिवाय डावीकडे-उजवीकडे थोडी रिकामी जागा ठेवली, कारण नाव कडांना टेकलं की घुसमटल्यासारखं दिसायचं. त्या जागेच्या व्हेरिएबलला नाव द्यायचं होतं. मी लिहिलं, इंट माया बरोबर १२.

 

सकाळी बाबांना खुर्चीत बसवलं आणि माउस हातात दिला. "कोपरा धरा आणि ओढा. हवं तेवढं मोठं होतं." त्यांनी माउस दोन बोटांत, काच फुटेल अशा भीतीने धरला. विंडो स्क्रीनभर ताणली. नाव ४८ला गेलं. त्यांनी ते मनातल्या मनात वाचलं, त्यांचे ओठ हलले. मग कोपरा हळूहळू परत आत आणत नेला, नाव लहान लहान होत गेलं, आणि स्क्रीनच्या एका बाजूला, जेमतेम वाचता येईल एवढं झाल्यावर त्यांनी माउस सोडला.

"असू दे एवढंच," ते म्हणाले. "बाकीची जागा तुझ्या कामाला लागेल."