पुडीचा आराखडा

भाजे गावात पावसाळ्यात कागद फार काळ कागद राहत नाही. मळवली स्टेशनहून गावाकडे निघालं की वारा छत्री विसापूरच्या दिशेला ओढतो आणि कागदी पिशवीतली तूरडाळ घर यायच्या आत रस्त्यावर सांडते. कोंबड्या तेवढ्या खूश होतात. अशा गावातल्या किराणा दुकानासाठी मी उत्तम कागदी पिशवी बनवायला घेतली. लिहिणाऱ्या माणसाला संपादकांचा फोन आला नाही की असलं काहीतरी सुचतं.

तसा हा प्रश्न सरकारनेच उभा केला होता. २३ मार्च २०१८ रोजी राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. तीन महिन्यांनी कारवाई सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड. दुकानदार रद्दीकडे वळावा, तर अन्नसुरक्षा प्राधिकरण बजावतंय की छापील कागदात खायच्या वस्तू बांधू नका, शाई पोटात जाते. प्लास्टिक नको, पेपर नको. उरली गिऱ्हाइकाची ओंजळ.

मी खाकी कागदाची, चौकोनी बुडाची पिशवी तयार करून शेठजींपुढे उभी केली. वर इतिहासही सांगितला. अमेरिकेत मार्गारेट नाइट नावाच्या बाईंनी सपाट बुडाच्या पिशव्या करणारं यंत्र बनवलं. एका गृहस्थाने ते पाहून पेटंट स्वतःच्या नावावर लाटायचा घाट घातला. बाईंनी दाद मागितली, जिंकल्या आणि १८७१ साली पेटंट मिळवलं.

"बाईंचं बरोबरच होतं," शेठजी म्हणाले. "पण ही एका हाताने उघडायची कशी?"

त्यांच्या दुसऱ्या हातात मापटं होतं, मोबाइल कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला होता आणि समोर तीन गिऱ्हाइकं एकदम बोलत होती. मग मी पिशवीच्या बाजूंना चुण्या दिल्या. झटका दिला की ती आपोआप उघडायची. मावळातल्या वाऱ्याला मात्र झटक्याचीही गरज नव्हती. गल्ल्याजवळची अख्खी चळत एकदम उघडली आणि साखरेच्या पोत्यावरून उडत बाहेर गेली.

जड कागद घेतला. आता पिशवी जागची हलेना, पण काट्यावर तिचे दहा ग्रॅम भरले. पाव किलो डाळीत दहा ग्रॅम म्हणजे शंभराला चार. एका मावशींनी पिशवी उलटीसुलटी करून विचारलं, "आणि हा कागद किती शिट्ट्यांत शिजतो?" शेठजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पंचवीस वर्षांची उधारी माझ्याच नावावर होती.

पाऊस राहिलाच होता. कागदातले तंतू एकमेकांना धरून असतात. पाणी लागलं की ती पकड सुटते. म्हणून कागदाला मेण लावलं. मेणावर मैद्याची खळ चिकटेना. आतून प्लास्टिकचा पातळ थर द्यावा, तर पुन्हा ५,००० रुपये.

त्या संध्याकाळी मी लेण्यांवर जाऊन बसलो. भाज्याच्या चैत्यगृहातले दगडी खांब आत झुकलेले आहेत. दगडाला झुकायची काही गरज नव्हती. पण कारागिरांसमोर लाकडी इमारतींचा नमुना होता, आणि लाकडी खांब तसे कलते ठेवत. म्हणून दगडही कलला. माझंही तेच चाललं होतं. मी कागदात प्लास्टिकची पिशवी कोरत होतो. पिशवी आधी होते, मग मालाने तिच्यात मावायचं असतं. कागदाला मात्र घडी लक्षात राहते. पुडी मालाच्या मापाने होते. तिला खळ लागत नाही, ती आधी उघडावीही लागत नाही, आणि पावसाची काळजी गिऱ्हाइकाच्या कापडी पिशवीने करायची असते.

दुसऱ्या दिवशी मी नवा आराखडा कागदावर रेखाटून नेला: कोरा पातळ कागद, तीन मापांत कापलेला, खिळ्याला अडकवलेला, वर दोऱ्याचं रीळ टांगलेलं. शेठजींनी आराखडा नीट पाहिला, त्यात शंभर ग्रॅम जिरं ओतलं, चार घड्या घातल्या, दोन वेढे दिले आणि दोरा तोडून पुडी मावशींच्या हातात दिली.

"चांगला आहे," ते म्हणाले.

मावशींनी मात्र पुडी फिरवून पाहिली. "नुसत्या रेघोट्याच आहेत की. वाचायला काही नाही. रद्दीच्या पुडीत निदान कुठल्या तरी सिनेमाची अर्धी बातमी तरी असायची."

यावर शेठजींनी तोडगा काढला. "तुम्ही लिहिताच ना काहीबाही? तेच बाहेरच्या बाजूने छापून घ्या. शाई मालाला लागणार नाही."

इतक्या घरांत पोहोचणारं मासिक मला अजून मिळालेलं नाही. शिवाय इथे लेखाच्या मध्येच घडी पडली, तर वाचक उरलेला भाग मागायला पुन्हा दुकानात येणार. मी आवाज शक्य तितका निरिच्छ ठेवून मानधनाचं विचारलं.

"लेखाला पाव किलो गूळ," शेठजी म्हणाले. "वजन कागदासकट."