भिंतींच्या हिशेबाने भांडी

घरातल्या चमचा-वाटीची किंमत काढत बसण्यातून जनतेला मुक्त केल्याबद्दल १ एप्रिल २०२१ला आलेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीचे जाहीर अभिनंदन. घराचा विमा उतरवला की त्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, घरसामानालाही आपोआप संरक्षण. यादी नको. थोडक्यात, बांधकाम महागले की पातेलीही महागली. हे सूत्र पुढे न्यावे: पुस्तके किती वाचली ते कपाटाच्या किमतीवरून ठरवावे, मुलाची लायकी फ्लॅटच्या चौरस फुटांवरून. यातले दुसरे सूत्र लग्नाच्या बैठकीत आधीच रूढ आहे. चोरीचीही सोय आहे. मूळ पॉलिसीत आग-पुरासारख्या आपत्तीपायी, तीही सात दिवसांच्या आत, झालेली चोरी धरतात. चोरांनी कृपया आधी पूर येऊ द्यावा.