सौ. मर्यादाबाई, एकदा अमडापूरला या!

प्रति,
सौ. कमाल अवशेष मर्यादाबाई ऊर्फ एमआरएल,
मुक्काम राजपत्र, एफडीए भवन, कोटला रोड, नवी दिल्ली.

विषय : अमडापूर, ता. चिखली, जि. बुलडाणा येथील टोमॅटो, वांगी व मिरची यांना आपले दर्शन घडवण्याबाबत.

संदर्भ : अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006, त्याखालचे 2011 चे नियम, आणि बाजारातल्या टोमॅटोवरचा निळा डाग.

महोदया,



आपली-आमची ओळख नाही, म्हणून आधी पत्ता सांगतो. चिखलीहून खामगावला जाणाऱ्या रस्त्यावर अमडापूर लागतं. टेकडीवर बल्लाळदेवी आहे. तिच्या दर्शनाला लोक लांबून येतात आणि ती दिसतेही. आपण मात्र इथं कोणाला दिसलेल्या नाहीत. आमच्या ताटातल्या प्रत्येक फवारलेल्या पिकावर औषधाचा किती अंश चालेल, यावर आपला पहारा आहे असं राजपत्रात छापलेलं आहे, म्हणून आपण आहात असं आम्ही धरून चालतो. श्रद्धेने जगणारी माणसं आहोत, त्यात काही अडचण येत नाही.

हे पत्र सगळ्याच औषधांबद्दल नाही. ती यादी काढली तर कागद पुरायचा नाही. मी फक्त मातीतून आणि खाणीतून आलेल्यांबद्दल लिहितो: तांबं, गंधक आणि त्यांचे बदनाम चुलते. याचं कारण असं की, यातली पहिली दोघं कायम सोज्वळ समजली जातात.

आठवडी बाजारात पोतं अंथरून टोमॅटोचा ढीग लावलेला असतो. त्यातलं एक फळ उचला आणि देठाच्या खळगीत पाहा. फवाऱ्याचं पाणी तिथं साचून वाळतं आणि मागं निळसर भुकटीचं कडं राहतं. करप्यावर मारलेलं ते कॉपर ऑक्सिक्लोराईड. घेणारी बाई ते पदराने पुसते; नाहीच निघालं तर दुसरं फळ उचलते. विकणारा हसून म्हणतो, "काय होते वहिनी, कॉपरच तं आहे. जहर थोडंच आहे!" भाव ठरतो, काटा झुकतो, वर दोन टोमॅटो जास्तीचे मागून होतात. एवढ्या घासाघिशीत आपलं नाव एकदाही निघत नाही.

आणि आपलं नाव किती भारदस्त! कॉपर ऑक्सिक्लोराईडसाठी 2011 च्या नियमांत आपण फळांवर किलोमागे 20 मिलीग्रॅम तांबं चालवून घेता, बटाटा सोडून इतर भाज्यांवरही तेवढंच. बटाट्यावर मात्र 1. बटाट्याने असं काय पाप केलं ते आपणच जाणोत. युरोपात द्राक्षावर तांब्याची मर्यादा 50 आहे. अमेरिकेतल्या आपल्या बहिणीने तर तांबं आणि गंधक दोघांनाही मर्यादेतून माफी देऊन टाकली आहे. म्हणजे द्राक्षापुरतं तरी कागदावर आपण युरोप-अमेरिकेपेक्षा कडक. ऐकून छाती फुगली. आता 20 च्या हिशोबाने पाव किलो टोमॅटोत 5 मिलीग्रॅम होतात, आणि धडधाकट माणसाला दिवसाला तांबं लागतं एक-दोन मिलीग्रॅम. एवढ्याने कोणी आडवा पडत नाही. लोकांना घाबरवायचा धंदा मी करत नाही. मला एवढंच विचारायचं आहे की, आमच्या टोमॅटोवर 20 आहे, 2 आहे की 200, हे आजवर कोणी मोजलं?

या निळ्या डागाचं कुळ मोठं आहे. फ्रान्समध्ये बोर्दोच्या बाजूला मेदोक नावाचा द्राक्षांचा मुलूख आहे. तिथले बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद (तांब्याचाच क्षार) आणि चुन्याचं पाणी शिंपडत, कशासाठी, तर जाणाऱ्या-येणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत. डाग पाहूनच चोर बिचकायचा. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की, डाग पडलेल्या वेलींवर केवडा कमी येतो. त्याने 1885 साली ते मिश्रण जाहीर केलं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी हे बोर्डो मिश्रण आमच्याकडच्या संत्रा-लिंबूवाल्यांना आजही तोंडपाठ आहे. गंमत बघा बाई: जो डाग चोराला पळवून लावायला जन्माला आला, तो आता गिऱ्हाइकालाही बिचकवत नाही.

गंधक-तांब्याला सेंद्रिय शेतीतही परवाना आहे, तांब्याला थोड्या अटींवर. तेव्हा पुण्या-मुंबईत दुप्पट पैसे मोजून 'सेंद्रिय' घेणाऱ्यांनी फार निर्धास्त राहू नये. मात्र तिकडे युरोपाने 2019 पासून आणखी एक कुंपण घातलं आहे: एका हेक्टरात सात वर्षांत 28 किलोपेक्षा जास्त तांबं टाकायचं नाही. कारण बाकीची औषधं ऊन-पावसात विरतात, तांबं विरत नाही. ते मूलद्रव्य आहे. पानावरून धुतलं गेलं की मातीत जातं आणि तिथंच मुक्काम ठोकतं. आपण फळावरचं तांबं मोजायचं म्हणता, जमिनीतल्या तांब्याचं नावही काढत नाही. आमची काळी जमीन काही तक्रार करत नाही, हा तिचा दोष.

आपल्या घराण्याचा जुना इतिहासही थोडा चाळला. 1925 च्या सुमारास लंडनमध्ये अमेरिकन सफरचंदं खाऊन लोक आजारी पडले. त्या सफरचंदांवर अळीसाठी शिशाचं आणि सोमलाचं संयुग, लेड आर्सेनेट, मारलेलं होतं. इंग्रजांनी माल अडवण्याची धमकी दिली, तशी अमेरिकन सरकारला जाग आली. बागायतदार सफरचंदं पातळ आम्लात धुऊ लागले. पण साहेबाच्या घरी जाणाऱ्या सफरचंदांना जी कडक मर्यादा लावली, ती आपल्या माणसांच्या सफरचंदांना लावायला त्यांना आणखी काही वर्षं लागली. वाचून मला परकं असं काहीच वाटलं नाही.

कारण आपणही हेच करता. 2003 मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांवर औषधांचे अंश सापडले आणि बोभाटा झाला. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट नावाच्या वाढरोधकापायी महाराष्ट्रातले कंटेनर अडकले आणि नाशिक-सांगलीच्या बागायतदारांचे डोळे पांढरे झाले. 2003 च्या त्या बोभाट्यानंतर निर्यातीच्या द्राक्षबागांची नोंदणी होऊ लागली, बागेतून नमुना उचलला जातो, पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची देखरेख असते, अहवाल हिरवा आल्याशिवाय पेटी हलत नाही. उत्तम व्यवस्था आहे, मी टिंगल करत नाही. डच माणसाच्या मुलाने काय खावं याची एवढी काळजी आपला देश घेतो, याचा अभिमानच आहे. फक्त चिखली तालुक्यातल्या मुलाने डच नागरिकत्व कुठून मिळवावं, हे कळवावं.

आपण म्हणाल, देशातही तपासणी होते. होते की! केंद्राची अंश-तपासणीची योजना 2005-06 पासून सुरू आहे, बाजारातले नमुने प्रयोगशाळांत जातात. पण तिथली जी यंत्रं एका दमात शंभरावर औषधं हुडकतात, त्यांना तांबं दिसत नाही. तांब्यासाठी वेगळी पद्धत, वेगळं यंत्र, वेगळा खर्च. शिवाय सापडलं तरी वाद संपत नाही. तांबं मातीतूनही झाडात येतं, मग फवाऱ्याचं किती आणि जमिनीचं किती? गंधकाचं तर विचारूच नका. लसणाचा वासच गंधकाचा. त्याच्यावर भुरीचं औषध म्हणून गंधक मारल्याचा गुन्हा दाखल करायचा की काय? या अडचणी खऱ्या आहेत, हे मान्य. म्हणूनच तर खनिजांचा हिशोब अधिक बारकाईने ठेवायला हवा होता. आपण 20 लिहून मोकळ्या झालात.

आता शेताकडे या. इथं माप चालतं ते झाकणाचं. "पंपाला दोन झाकणं टाक" असं कृषी सेवा केंद्रात सांगितलं की तेच शास्त्र. भुकटी असेल तर काडेपेटीच्या खोक्याने मोजतात. सोबत दुकानदार एक टॉनिक, एक स्टिकर आणि एक अळीचं देतो. सगळं एकाच पंपात. पुडक्यात घडीची चिठ्ठी असते. तिच्यावर डझनभर भाषांत, मुंगीला चष्मा लागेल अशा अक्षरांत, फवारणी आणि तोडणी यांच्यात किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. टोमॅटोचा तोडा दोन-चार दिवसांआड असतो. भाव चढा असेल तर माल थांबत नाही आणि पाऊस लागून राहिला तर करपा थांबत नाही. मग सकाळी तोडा, दुपारी फवारा, तिसऱ्या दिवशी पुन्हा तोडा. त्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. त्याला आपला आकडा कोणी सांगितला नाही आणि सांगितला असता तरी तो मोजायचा कशाने? झाकणाने?

कायद्यात तर आपण आणखी मजा करून ठेवली आहे. कलम 21 म्हणतं, मर्यादेपेक्षा जास्त कीटकनाशकाचे अंश असलेलं अन्न चालणार नाही. कलम 18 चं तिसरं उपकलम म्हणतं, हा कायदा शेतकऱ्याला, त्याच्या शेतीला आणि त्याच्या पातळीवरच्या पिकाला लागू नाही. म्हणजे आपला अंमल बांधापाशी संपतो आणि व्यापाऱ्याच्या गाळ्यापाशी सुरू होतो. आमच्या बाजारात जो पिकवतो, तोच बऱ्याचदा विकायलाही बसतो. त्याच्या पोत्याच्या कोणत्या बाजूला आपण उभ्या राहणार, बाई?

घरातलंही सांगतो. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी म्हणजे आपल्या यादीतली मोठी असामी. ती सरकारी यंत्रणांनी आणि परवानाधारकांनीच, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरायची, असा नियम आहे. तिचे दहा-वीस गोळ्यांचे डबे कधीचेच बंद केले आहेत. आणि तरीही धान्याला कीड लागली की ती कोठीत जाते, त्याच खोलीत पोरं झोपतात, आणि घरात तिला नुसतं 'गोळी' म्हणतात.

हे सगळं किरकोळ वाटत असेल तर आमच्याच जिल्ह्यात घाटाखाली जाऊन या. 2024 च्या डिसेंबरअखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस मुठी-मुठीने गळू लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. बायका, पोरं, म्हातारी कोणी सुटलं नाही. पाण्यावर संशय घेतला, शाम्पूवर घेतला, बुरशीवर घेतला. दिल्लीहून पथकं आली, नमुने गेले. मग विंचूदंशावरच्या कामामुळे जगभर ठाऊक असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आले. त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्या गव्हात सेलेनियम इथल्या गव्हाच्या सहाशे पट होतं आणि गहू धुऊनही ते फारसं कमी होत नव्हतं. पुढे काहींची नखंही गेली.

ते सेलेनियम फवाऱ्यातून आलं असं कोणी म्हटलेलं नाही, मीही म्हणत नाही. सेलेनियमयुक्त जमिनीतून ते पिकात चढतं. पण याच सेलेनियमचं कीटकनाशक करून अमेरिकेत एके काळी द्राक्ष-संत्र्यावर मारत होते, हेही आपल्या घराण्याच्या दप्तरात असेल. खनिज फवाऱ्यातून येवो की मातीतून, ताटात आल्यावर त्याला ओळखणारं कोणीतरी हवं. तिथं ते ओळखायला आधी शेकडो डोकी भादरली गेली. पोरींची लग्नं अडली, पोरं शाळेत टोपी घालून बसली. सरकारी गव्हाच्या पोत्यावर शिक्के होते, वजन होतं, हंगामाचं साल होतं. आपण तेवढ्या नव्हता.

म्हणून विनंती की, आपण एकदा अमडापूरला यावं. पाहुणचार यथाशक्ती करू; भाकरी-ठेचा आहे, वांग्याची भाजी आहे, आणि वांगं कुठून आणलं हे आपण विचारलंत तर आम्हाला आनंदच होईल. येताना रिकाम्या हाताने येऊ नका. तांबं, सोमल, सेलेनियम मोजणारं एक यंत्र बुलडाणा जिल्ह्याला द्या आणि ते चालवणारा माणूसही द्या. यंत्रं आमच्याकडे खोक्यात राहायला सरावलेली आहेत. महिन्यातून एकदा आठवडी बाजारातले पाच-सहा नमुने उचला. शेतकऱ्याला दंड करू नका, त्याला आकडा सांगा. निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा. फळा आहे, खडूचा खर्च आम्ही करू.

कळावे, लोभ असावा.

आपलं,
अमडापूरच्या बाजारातलं एक गिऱ्हाईक

ता. क. : रेशनच्या गव्हाचाही एक नमुना दर महिन्याला घ्यावा, आणि तो वाटपाच्या आधी घ्यावा.